लंडनमध्ये छापलेली सिडनीची माणसं: १८१३ च्या एका छापचित्राबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सिडनीतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, एक जुनं रंगीत छापचित्र आहे. पुण्या-नाशिकहून आलेले नातेवाईक असोत की इथल्या मंडळातल्या ओळखी, चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर थांबतातच, आणि मग प्रश्न सुरू होतात. हल्ली तर ‘आजोबांच्या ट्रंकेत असंच एक सापडलं’ म्हणून फोटोही येतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

हे चित्र नेमकं कशाचं आहे?

एक भलंमोठं झाड आहे. बुंध्याशी जाळ केलाय, एक जण झाडावर चढलाय, आणि ढोलीतला प्राणी धुराने कासावीस होऊन कधी बाहेर येतो याची सगळे वाट बघताहेत. खालच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘ऑपॉसमला धुरी देऊन बाहेर काढणे’ असा होतो.

हा प्राणी म्हणजे पॉसम. साधारण मांजराएवढा, दिवसा ढोलीत झोपणारा, रात्री पानं-फुलं खात हिंडणारा. मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असते. ऑपॉसम हे मुळात अमेरिकेतल्या वेगळ्याच प्राण्याचं नाव. इंग्रजांनी ते इथल्या प्राण्याला देऊन टाकलं.

चित्र एकटं नाही. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरच्या एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने १८१३ मध्ये ‘न्यू साउथ वेल्सच्या (म्हणजे सिडनीभोवतीच्या इंग्रज वसाहतीच्या) मूळ रहिवाशांचे मैदानी खेळ’ अशा अर्थाच्या नावाने दहा चित्रांचा संच काढला. त्यात कांगारूची शिकार आहे, भालाफेक आहे, झाडावर चढणं आहे, मासेमारीची दोन चित्रं आहेत, नाच आहे, योद्धे आहेत, ‘न्यायनिवाडा’ आहे आणि ‘विश्रांती’ही आहे. पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, ऑर्मने देशोदेशींच्या शिकारीचं शंभर चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि ही दहा चित्रं त्याला पुरवणी म्हणून जोडली. बाजारात जी सुटी चित्रं मिळतात ती बहुतेक अशा पुस्तकांची पानं सोडवून विकलेली असतात.

चित्रकार कोण? तो इथे राहून गेला होता का?

जॉन हेविसाइड क्लार्क. स्कॉटिश चित्रकार. पुढे वॉटर्लूच्या रणभूमीवर रेखाटनं केली म्हणून लोक त्याला ‘वॉटर्लू क्लार्क’ म्हणायचे.

ऑस्ट्रेलियात तो कधीही आला नाही. वसाहतीतून लंडनला पोचलेली वर्णनं, रेखाटनं आणि वस्तू यांच्या आधारावर, टेबलाशी बसून त्याने हे जग रचलं. त्याची रेखाटनं दुसऱ्या कारागिराने तांब्यावर उतरवली. रंग भरणारे तिसरेच.

मग अशा चित्रावर विश्वास कितपत ठेवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर चित्राच्या एकेका भागाला वेगवेगळं द्यावं लागतं.

आधी माणसांची शरीरं बघा. दंड, मांड्या, पाठीचे स्नायू: लंडनच्या कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांवरून जे गिरवून घेत, तेच इथे आहे, फक्त कातडीचा रंग बदलून. झाडं-झुडपंही अशी की कुठल्याही ‘परदेशात’ खपून जावीत. युकॅलिप्टसच्या जंगलातला विरळ, निळसर उजेड, जमिनीवर सालींचे पडलेले ढीग, यातलं काही चित्रात नाही. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुचतही नाही.

पण कृती? कृतीत तथ्य आहे. दगडी कुऱ्हाडीने सालीत पायाच्या अंगठ्यापुरत्या खाचा पाडत पाडत सरळसोट झाडावर चढायची पद्धत सिडनीला उतरलेल्या पहिल्या अधिकाऱ्यांनीच थक्क होऊन लिहून ठेवली आहे. पोकळ खोडात धूर करून पॉसम काढणंही खरं. भाला लांब जावा म्हणून मागच्या टोकाला लावायची फळी, वूमेरा, हीसुद्धा खरी. तो शब्दच सिडनीच्या भाषेतून इंग्रजीत गेला.

‘न्यायनिवाडा’ या चित्राचंही तसंच. अपराध केलेल्या माणसाने ढाल घेऊन समोर उभं राहायचं आणि दुखावलेल्या पक्षाने त्याच्यावर भाले फेकायचे, मग तिथे हिशेब मिटला, असा इथला कायदा होता. सिडनीच्या रस्त्यांवरच असे निवाडे होत आणि गोरे लोक ते बघायला जमत. ७ सप्टेंबर १७९० रोजी मॅनलीच्या किनाऱ्यावर खुद्द वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याच्या खांद्यात भाला घुसला. फिलिपने वर्षभरापूर्वी तिथूनच बेनेलाँग आणि कोलबी या इथल्या दोन पुरुषांना पकडून नेलं होतं. भाला हा त्याचा निवाडा होता, असं आज अनेक इतिहासकार मानतात. फिलिपने प्रतिहल्ला केला नाही, आणि नंतर बेनेलाँग आपल्या पायांनी त्याच्या घरी जाऊ-येऊ लागला.

थोडक्यात, हात काय करताहेत ते नीट बघा. चेहरे आणि झाडी बाजूला ठेवा.

जगण्याच्या गोष्टींना ‘खेळ’ का म्हटलंय?

मला या चित्रात खटकतं ते हेच, आणि त्याचं मूळ भारतात आहे.

ऑर्मच्या दुकानाचा मोठा धंदा शिकारीच्या चित्रांचा. १८०७ मध्ये त्याने बंगालच्या फौजेत वीसेक वर्षं काढलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसनचं हिंदुस्थानातल्या शिकारीवरचं मोठं पुस्तक काढलं: हत्तीवरून वाघ, घोड्यावरून रानडुक्कर, आणि आजूबाजूला हाकारे घालणारी आपली माणसं. चित्रं सॅम्युअल हॉविटची, आणि हॉविटही हिंदुस्थानात कधी आला नव्हता. पुस्तक गाजलं. चांगला चाललेला साचा कोण सोडतो? त्याच साच्यात पुढे रशिया बसला, आफ्रिका बसली आणि शेवटी सिडनीही बसलं.

इंग्रज साहेबासाठी शिकार म्हणजे फुरसतीचा खेळ, म्हणून त्याच्या ग्राहकाला सगळ्या जगाचं पोट भरणं खेळासारखंच दाखवायचं. पॉसम म्हणजे इथे संध्याकाळचं जेवण होतं, आणि दक्षिणेकडच्या थंड मुलखात थंडीचं पांघरूण. त्यातही कुणी काय मारावं, कुणी काय खाऊ नये, मांसाचा कुठला भाग कुणाला द्यावा, याचे नियम होते. नाच हा विधी होता. निवाडा तर निवाडाच. एका शीर्षकाने या सगळ्याची करमणूक करून टाकली. आपल्याकडच्या दिंडीला किंवा पंचांच्या बैठकीला कुणी ‘नेटिव्हांचे मैदानी खेळ’ म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं, एवढंच मी पाहुण्यांना विचारते.

चित्रातली माणसं कोण? त्यांची नावं माहीत आहेत का?

क्लार्कने कुणा एकाचं व्यक्तिचित्र काढलेलं नाही, त्यामुळे नावं लावता येत नाहीत. पण चित्राला जी माहिती पुरवली गेली ती सिडनीच्या आसपासच्या लोकांची. बंदराच्या दक्षिण काठाला, आज जिथे सर्क्युलर की आहे तिथे, गडिगल, पश्चिमेला वंगल, उत्तर काठाला कॅमेरेगल, बॉटनी बेच्या काठी ग्वीगल. किनाऱ्यावरच्या या कुळांना मिळून ‘इओरा’ म्हणतात. त्यांच्या भाषेत इओरा म्हणजे नुसतं ‘माणसं’.

त्यांच्यातल्या काहींची नावं, स्वभाव, रागलोभसुद्धा कागदावर आले आहेत. बेनेलाँगचंच घ्या. डिसेंबर १७९२ मध्ये तो यम्मेरावान्ने या तरुणाबरोबर इंग्लंडला निघाला. लंडनमध्ये दोघं मेफेअर भागात, माउंट स्ट्रीटवरच्या एका घरी उतरले होते. ऑर्मच्या बाँड स्ट्रीटपासून ते काही मिनिटांच्या अंतरावर! यम्मेरावान्ने १७९४ मध्ये तिकडेच वारला, एल्थमच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. बेनेलाँग १७९५ मध्ये परतला आणि ३ जानेवारी १८१३ रोजी सिडनीजवळ गेला. म्हणजे ज्या वर्षी ही अनाम माणसं बाँड स्ट्रीटच्या काचेत विकायला लागली, त्याच वर्षी तिथल्या गल्ल्यांतून प्रत्यक्ष चाललेला माणूस इथे मातीत गेला. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ चित्राकडे बघत बसले होते.

आणि १८१३ पर्यंत किती लोक उरले होते, तेही लक्षात ठेवायला हवं. वसाहत २६ जानेवारी १७८८ ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासचे निम्मे लोक त्यात गेले असावेत, असा अंदाज खुद्द फिलिपने लिहून ठेवलाय. चित्रात दिसतं तसं निवांत, कुणाची ढवळाढवळ नसलेलं जीवन छापायच्या वेळी सिडनीत राहिलेलंच नव्हतं. १८१३ च्याच मे महिन्यात तीन वसाहतवाले सिडनीच्या पश्चिमेचे ब्लू माउंटन्स डोंगर ओलांडून पलीकडे उतरले आणि विराजुरी लोकांच्या गवताळ जमिनी मेंढ्यांना मोकळ्या होऊ लागल्या.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

मालिकेत वावर पुरुषांचाच जास्त आहे; ‘खेळ’ म्हटल्यावर तसं होणारच. पण सिडनीच्या बंदरावर रोजची मासळी आणायच्या त्या मुख्यतः बायका.

पुरुष किनाऱ्यावरून किंवा होडीतून अनेक टोकांच्या भाल्याने मासे मारत. बायका गळ टाकत. होडी म्हणजे ‘नावी’: झाडाची एक अखंड साल काढायची, विस्तवावर शेकून मऊ करायची आणि दोन्ही टोकं चुण्या घालून बांधायची. गळ शंखाच्या कवचातून घासून घासून काढलेला, चंद्रकोरीसारखा, मोत्यासारखा चमकणारा. दोरी कुराजाँगसारख्या झाडाच्या सालीचा वाख मांडीवर वळून केलेली. होडीत मधोमध मातीच्या थरावर छोटा विस्तव, मांडीवर किंवा खांद्यावर पोर, तोंडात गाणं. पाण्याला जेमतेम वीतभर वर असलेली ती होडी घेऊन बायका भर लाटांत जायच्या आणि मासा विस्तवावर टाकून तिथेच खायच्या. रात्री बंदरभर असे विस्तव हलताना दिसत, असं जुन्या नोंदींत वाचायला मिळतं.

मुलींच्या डाव्या हाताच्या करंगळीची दोन पेरं लहानपणीच काढत. या रिवाजाला ‘मालगुन’ म्हणत. दोरी बोटांना गुंडाळताना अडू नये म्हणून, असं कारण तेव्हाच्या इंग्रजांना सांगितलं गेलं होतं.

बेनेलाँगची बायको बरांगारू ही अशीच कॅमेरेगल कोळीण. इंग्रजांचे कपडे घालायला तिने साफ नकार दिला, आणि गव्हर्नरच्या घरी जेवायला गेली तीही आपल्या नेहमीच्या वेशात, म्हणजे काही न नेसता. आज सिडनीच्या बंदरावरचा एक अख्खा भाग तिच्या नावाने ओळखला जातो.

पत्येगरांग नावाची एक मुलगी होती. नौदलातला अधिकारी विल्यम डॉज याला तिने १७९०-९१ मध्ये आपली भाषा शिकवली. त्याच्या वह्या आज लंडन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांत एक क्रियापद आहे, ‘पुतुवा’: आपला हात विस्तवावर शेकायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हळूच दाबायची. सगळ्या वसाहतीच्या चित्रांमध्ये मिळून तिथल्या थंडीच्या रात्रीबद्दल एवढं कळत नाही.

गंमत म्हणजे ‘कांगारू’ हा शब्द सिडनीचा नव्हेच. तो १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या लोकांनी दूर उत्तरेला, गुगु यिमिथिर लोकांकडून ऐकला. सिडनीला आल्यावर इंग्रज तोच शब्द फेकत राहिले, तेव्हा इथल्यांना वाटलं ही इंग्रजी आहे. गायी बघून ते विचारायचे, हे कांगारू का? सिडनीचा त्यांचा शब्द होता पातागरांग, आणि तेच त्या मुलीचं नाव.

ॲक्वाटिंट म्हणजे काय? हे हाताने काढलेलं चित्र आहे का?

ॲक्वाटिंट हे या चित्राचं छपाईचं तंत्र. चित्र छापलेलं आणि वर हाताने रंगवलेलं.

तांब्याच्या पत्र्यावर रोगणाचा थर देऊन सुईने रेषा कोरायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. उघडं तांबं खाल्लं जाऊन रेषेच्या खाचा तयार होतात. हे झालं एचिंग. पण सावलीचे, आभाळाचे, धुराचे सलग पट्टे रेषांनी होत नाहीत. त्यासाठी पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून खालून तापवतात. कण चिकटतात. तेजाब कणांच्या मधल्या जागेत उतरतो आणि पत्रा मखमलीसारखा खरखरीत होतो. हे झालं ॲक्वाटिंट. जिथे फिकट हवं तिथे रोगण लावून झाकायचं, जिथे गडद हवं तिथे पुन्हा तेजाबात द्यायचं. नंतर शाई भरायची, पत्रा पुसायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद वाळला की रंगकाम करणारे ओळीने बसून जलरंग भरत. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत आभाळाचा निळा कधी सारखा नसतो.

इलोऱ्याची जी देखणी जुनी इंग्रजी चित्रं आपण पाहतो, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये काढलेली, तीसुद्धा याच तंत्राची. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांची सवय असलेल्या माणसाचा डोळा इथे लगेच रुळतो.

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत जे लिहिलंय ते काय?

डावीकडे नावापुढे ‘डेल.’ असेल तर तो रेखाटणारा. उजवीकडे ‘स्कल्प.’ असेल तर तो पत्रा कोरणारा. दोन्ही लॅटिनची लघुरूपं. मधोमध प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख. यातलं काही कापून टाकलेलं असेल तर कुणीतरी जुन्या फ्रेममध्ये बसवण्यासाठी कात्री चालवली आहे असं समजा.

आमच्याकडचं खरं आहे की नंतरची नक्कल?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळवाल्याचंही चालेल. सावलीच्या भागात गोल, रांगेत बसलेले रंगीत ठिपके दिसले तर ते ऑफसेट छपाईचं, म्हणजे विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. ॲक्वाटिंटमध्ये सुकलेल्या तळ्याच्या मातीला भेगा पडतात तसं वेडंवाकडं जाळं दिसतं. रंग रेषेबाहेर जरासा सांडलेला दिसला तर चांगलं लक्षण. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागायला हवा, अर्थात समास कापलेले नसतील तर.

मग कागद उजेडासमोर धरा. ‘व्हॉटमन’ असं जलचिन्ह आणि सोबत साल दिसू शकतं. ऑर्मच्या पुस्तकाच्या १८१९ आणि १८२३ मध्ये दुसऱ्या प्रकाशकांनी पुन्हा आवृत्त्या काढल्या. तेव्हा तळाशी १८१३ छापलेलं असलं तरी कागद नंतरचा असू शकतो; पत्रा जुना, ठसा नवा. ते खोटं ठरत नाही, फक्त थोडं उशिराचं.

अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर मात्र तो आधुनिक कागद आहे.

किंमत किती येईल?

फोटो बघून आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नका. संपूर्ण संच, रुंद समास, जुना कागद आणि ताजे राहिलेले रंग असतील तर भाव वाढतो. एकच पान, कापलेलं, डागाळलेलं असेल तर उतरतो. मी स्वतः विकत नाही.

मुंबईत, कोकणात असं चित्र कसं जपायचं?

पावसाळा हा त्याचा शत्रू. दमटपणाने कागदावर तांबूस ठिपके येतात, आणि ते हळूहळू पसरतात. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर लावू नका. फ्रेम आणि भिंत यांच्यात बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. उन्हाची तिरीपही नको; जलरंगाला पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही, म्हणजे आपल्या घरातला मंद दिवा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट हवा. कसरीला जुन्या कागदातली खळ आवडते, म्हणून वर्षातून एकदा फ्रेमची पाठ उघडून बघा.

माझ्या चित्राची एक कडा पिवळी आहे. पहिल्यांदा फ्रेम करायला दिलं तेव्हा त्या कारागिराने मागून पारदर्शक चिकटपट्टी लावली. चार वर्षांत डिंक कागदातून आरपार उतरला. पुढे कागदाचं जतन करणाऱ्या बाईंनी पट्टी काढून गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या लावून दिल्या, पण डाग राहिला तो राहिलाच. म्हणून हात जोडून सांगते: चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको, ब्लीच तर नकोच नको.

भारतातलं असं चित्र परदेशी नेता येईल का?

आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर कडक बंधनं आहेत. चित्र परदेशात छापलेलं आहे, आता काय होतंय, असं गृहीत धरण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून लेखी घ्या.

महाराष्ट्राशी याचा काही थेट संबंध आहे?

चित्राचा नाही, पण त्याच्या काळाचा आहे. १८१३ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता लॅकलन मॅक्वारी. हा मुंबईच्या फौजेतून वर आलेला माणूस. श्रीरंगपट्टणच्या लढायांत होता, १७९३ मध्ये मुंबईतच त्याचं लग्न झालं, आणि पहिली बायको जेन मकाओला वारली तेव्हा तिला परत आणून मुंबईत पुरलं. कोचीनला गुलाम म्हणून विकत घेतलेला एक मुलगा, जॉर्ज जार्विस, त्याच्याबरोबर सिडनीपर्यंत आला. याच मॅक्वारीने १८१६ मध्ये सैनिकी तुकड्या पाठवल्या आणि १७ एप्रिलच्या रात्री सिडनीच्या नैर्ऋत्येला ॲपिनजवळ किमान चौदा मूळ रहिवासी, बायका-मुलांसकट, मारले गेले. काही जण कड्यावरून खाली गेले. चित्र छापून तीन वर्षंही झाली नव्हती.

मुंबईत बरीच वर्षं काढलेल्या जेम्स फोर्ब्सचे आपल्या मुलखावरचे सचित्र खंडही लंडनला याच साली, १८१३ मध्ये, निघाले. एकाच हंगामात एकाच शहरातल्या गिऱ्हाइकांना आपण आणि सिडनीचे लोक शेजारी शेजारी विकले जात होतो.

या लोकांना ‘आदिवासी’ म्हणावं का?

मराठीत तो शब्द रुळला आहे आणि त्यात अपमान नाही. मी सहसा ‘अबोरिजिनल लोक’ किंवा ‘मूळ रहिवासी’ म्हणते, आणि माहीत असेल तिथे कुळाचं नाव घेते. वसाहत झाली तेव्हा या खंडावर अडीचशेहून जास्त भाषा होत्या. सगळ्यांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे मालवणी, वऱ्हाडी, मराठवाडी, गुजराती माणसाला सरसकट ‘तिकडचे’ म्हणण्यासारखं. चित्रावरचा जुना शब्द मात्र खोडू नये. तो त्या काळाचा पुरावा आहे.

अशी चित्रं घरात लावणं बरं दिसतं का? आजच्या अबोरिजिनल लोकांना काय वाटतं?

सगळ्यांना एकच वाटतं असं नाही. काहींना ती बघवत नाहीत. काही कलावंत तीच उचलून उलटी करतात: डॅनियल बॉइडने कुकच्या आगमनाचं प्रसिद्ध चित्र पुन्हा रंगवलं आणि कुकच्या डोळ्याला चाच्याची पट्टी बांधली.

आणि काहींना जुन्या संग्रहांतून आपली विद्या परत मिळते. आग्नेयेकडचे लोक पॉसमची कातडी शिवून मोठे झगे करत, आतल्या बाजूला आपल्या मुलखाच्या खुणा कोरत. मूल जन्मलं की छोटा झगा, मूल वाढेल तशी कातडी जोडत जायची, आणि शेवटी माणूस त्यातच गुंडाळून पुरायचा. एकोणिसाव्या शतकातले असे दोन झगे मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत, एक १८५३ चा, एक लेक कॉन्डाचा १८७२ चा. १९९९ मध्ये काही कलावंत स्त्रियांनी ते जवळून पाहिले आणि तसेच पुन्हा करायला घेतले. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला वडीलधारी मंडळी असे झगे पांघरून आली होती. सालीच्या नावीही पुन्हा बांधल्या जातात.

मासेमारीच्या चित्रांतल्यासारखे भाले तर घरी परत आले. कुकच्या लोकांनी १७७० मध्ये बॉटनी बेवरच्या झोपड्यांतून चाळीसेक भाले उचलले होते. त्यांतले उरलेले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे १७७१ पासून होते. एप्रिल २०२४ मध्ये ते बॉटनी बेच्या काठच्या ला पेरूजच्या अबोरिजिनल समाजाला कायमचे परत दिले गेले.

मी चित्र लावलंय ते बोलता यावं म्हणून. नुसतं ‘जुनं आणि छान’ म्हणून शोभेला लावायचं असेल तर एखादं फुलांचं चित्र घ्या, असं मी मनापासून सांगते.

टी-शर्टवर, कपावर छापलं तर चालेल?

स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, कायदा अडवणार नाही. तरी नको. कुणाच्या तरी पणजोबांचा निवाडा आणि नाच आहे तो.

मूळ प्रती कुठे बघता येतील?

सिडनीला न्यू साउथ वेल्सचं राज्य ग्रंथालय आणि कॅनबेराचं राष्ट्रीय ग्रंथालय. कॅनबेराच्या संग्रहातलं बरंच काही ‘ट्रोव्ह’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. तिथेच जोसेफ लिसेटची १८१७ च्या सुमाराची वीस जलरंगचित्रं आहेत, तीही क्लार्कच्या शेजारी ठेवून जरूर बघा. लिसेट खोट्या नोटा छापल्याबद्दल हद्दपार होऊन आलेला कैदी; न्यूकॅसलकडे राहिला, अवाबकल लोकांचं जगणं त्याने डोळ्यांनी पाहिलं. गवत पेटवून कांगारू हाकलतानाचं त्याचं चित्र पाहिलं की लक्षात येतं, हे लोक जमीन राखत होते, आग हे त्यांचं शेतीचं अवजार होतं. चित्रकला लिसेटची क्लार्कपेक्षा कच्ची, पण झाडं इथलीच.

चित्राखाली पाटी लावायची तर काय लिहू?

आमच्याकडे फ्रेमखाली पोस्टकार्डाएवढा कागद आहे. मुलीने हाताने लिहिलाय. जसाच्या तसा देते:

‘लंडन, १८१३. चित्रकार क्लार्क इथे कधीच आला नव्हता. झाडावर चढायची रीत खरी आहे, झाड खोटं आहे. हा खेळ नाही, जेवणाची तयारी आहे. ही भिंत ज्या जमिनीवर उभी आहे ती वंगल लोकांची.’